वसईचे दोन तह

आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ अफगाणिस्तानात बग्राम येथील अमेरिकन लष्करी तळावर भटारखान्यात कित्येक वर्षे नोकरीला होते. २०२१ साली तो तळ बंद होण्याच्या काही आठवडे आधी ते भाईंदरला परतले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला, म्हणजे मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी आणि आपल्या स्वातंत्र्यदिनी, तालिबानी फौजा काबूलमध्ये शिरल्या. करोनामुळे चर्चचे दरवाजे त्या दिवसांत भाविकांना बंदच होते. सायंकाळी त्यांचा फोन आला. सणाच्या शुभेच्छा राहिल्या बाजूलाच. ते एवढेच म्हणाले, "फादर, वीस वर्षे तिथे मग काय बांधले म्हणायचे?" मी सांत्वनाचे चार शब्द बोललो. परंतु ते त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे, हे त्यांनाही कळले आणि मलाही.

बलाढ्य राष्ट्राने परक्या देशात जाऊन तेथे राज्य, कायदा, सैन्य आणि शाळा उभाराव्यात काय, या प्रश्नावर त्या दिवसांत वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरले. सारी चर्चा वॉशिंग्टन आणि काबूल यांच्यामध्ये घुटमळत होती. वसईच्या किंवा उत्तन-डोंगरीच्या माणसाला मात्र इतके दूर जाण्याचे कारण नाही. असा एक प्रयोग आपल्या अंगणात दोनशे पाच वर्षे चालला होता आणि आपण स्वतः त्याचेच शेष आहोत. वसई हे गाव भाग्यवान म्हणावे की अभागी, मला ठरवता येत नाही. परक्या सत्तेला दार उघडून देणारे दोन तह इतिहासात तिच्या नावाने ओळखले जातात : एक १५३४ चा आणि दुसरा १८०२ चा.

पहिला तह गुजरातचा सुलतान बहादूरशहा आणि पोर्तुगीज गव्हर्नर नूनो द कुन्हा यांच्यात २३ डिसेंबर १५३४ रोजी झाला. मोगल बादशहा हुमायून सुलतानावर चालून येत होता. एका शत्रूशी लढताना दुसऱ्याशी तरी सलोखा असावा, या हेतूने बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगालच्या राजाला देऊन टाकला. त्यात साष्टी आली, मुंबईची बेटेही आली. ज्या मुलखाची ही देवघेव झाली तेथील कोळी, आगरी, भंडारी, कुणबी यांना कोणी काही विचारले नाही. त्या काळी तसा प्रघातच नव्हता. पण ज्याने पाहुण्याला घरात घेतले त्याचे पुढे काय झाले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. फेब्रुवारी १५३७ मध्ये दीव येथे पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत खुद्द बहादूरशहाच समुद्रात मारला गेला. दिलेला मुलूख मात्र परत आला नाही.

पोर्तुगीज या प्रदेशाला उत्तरेचा प्रांत म्हणत; मराठी कागदपत्रांत तो फिरंगाण झाला. त्यांनी येथे जे उभारले ते लहान नव्हते. वसईचा कोट, त्यातील शहर, नगरसभा, न्यायालय, इस्पितळ, गोरगरिबांना साहाय्य करणारे दयागृह, फ्रान्सिस्कन आणि येशूसंघीय संन्याशांची विद्यालये, डोमिनिकन व ऑगस्टिनियन मठ हे सर्व त्या कोटाच्या आत आणि आसपास होते. १५५४ साली सिमाव बोतेल्यु या अधिकाऱ्याने महसुलाची तपशीलवार नोंदवही तयार केली. उत्तर कोकणच्या आर्थिक इतिहासाचा अभ्यासक आजही तिच्यावाचून पुढे जाऊ शकत नाही. आजच्या भाषेत ज्याला संस्थात्मक उभारणी म्हणतात, ती कागदावर पाहिली तर जवळजवळ पूर्ण होती.

उणीव कोठे होती हे पाहायचे तर जमिनीकडे वळावे लागते. गावेच्या गावे पोर्तुगीज उमरावांना आणि सैनिकांना राजसेवेचे बक्षीस म्हणून अल्प खंडावर दिली गेली. प्रसंगी घोडा व शस्त्रे घेऊन हजर व्हावे, एवढी त्यांच्यावर अट. भात पिकवणारा आगरी तोच राहिला, मिठागरात राबणारा तोच राहिला, फक्त त्याच्या डोक्यावरचा धनी बदलला. हा नवा धनी आपल्या गावाचे देणे लागत नव्हता. त्याची जहागीर गोव्याच्या व्हाइसरॉयच्या मर्जीवर आणि व्हाइसरॉय लिस्बनच्या मर्जीवर अवलंबून. सारा कारभार समुद्राकडे तोंड करून उभा होता आणि ज्यांच्यासाठी राज्य केले असे म्हणायचे, त्यांच्याकडे त्याची पाठ होती.

येथे एका अवघड गोष्टीविषयी मला बोललेच पाहिजे. आपल्या या पानांवर ती टाळली जाते असा माझा अनुभव आहे. पोर्तुगीजांनी ख्रिस्तसभेला आपल्या राज्ययंत्रणेचा एक भाग बनवले, आणि ख्रिस्तसभेनेही ते पुष्कळ अंशी मान्य केले. बिशप नेमण्याचा अधिकार रोमने पोर्तुगालच्या राजाला दिला होता; तीच पाद्रोआदोची व्यवस्था. बोरिवलीजवळची मंडपेश्वरची शैव लेणी सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कनांच्या ताब्यात गेली आणि तेथे चर्च व विद्यालय झाले. १५६० साली गोव्यात धर्मन्यायालय स्थापन झाले आणि त्याचा हात वसईपर्यंत पोहोचला. शेजाऱ्यांच्या सणसमारंभांवर बंधने आली. तरुणांच्या सभेत मी हे बोललो, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदाने मला विचारले, "फादर, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?" त्यांचा राग मी समजू शकतो. श्रद्धेवर बोट ठेवले की मन दुखावते. पण ज्या जहाजांतून आपला विश्वास या किनाऱ्यावर उतरला त्याच जहाजांतून तोफाही उतरल्या, हे आपणच सांगितले तर निदान सभ्य शब्दांत सांगितले जाईल.

या मिश्रणाची किंमत कोणी मोजली याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या वसईचाच सुपुत्र आहे. संत गोन्सालो गार्सिया यांचा सण आपण दरवर्षी उत्साहाने पाळतो, परंतु त्यांच्या मरणाचे राजकीय कारण प्रवचनात क्वचितच येते. वडील पोर्तुगीज, आई याच मातीतली. वसईच्या येशूसंघीयांकडे शिकून ते पंधरा-सोळा वर्षांच्या वयात त्यांच्यासोबत जपानला गेले, जपानी भाषा शिकले, धर्मशिक्षक व दुभाषी म्हणून वर्षानुवर्षे त्यांची सेवा केली. येशूसंघात त्यांना प्रवेश मात्र मिळाला नाही. मग त्यांनी व्यापार केला, मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात ते बंधू म्हणून दाखल झाले आणि १५९३ साली स्पॅनिश शिष्टमंडळाचे दुभाषी म्हणून पुन्हा जपानला आले. १५९६ साली सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले. जपानी अधिकारी माल जप्त करू लागले, तेव्हा जहाजाच्या सुकाणूदाराने स्पेनच्या साम्राज्याचा नकाशा दाखवून फुशारकी मारली, अशी हकीकत आहे. आमचा राजा आधी धर्मगुरू पाठवतो आणि मग सैन्य, असे तो बोलून गेला म्हणतात. त्याने ते खरोखर म्हटले की नाही यावर वाद आहे. हिदेयोशीला मात्र ते खरे वाटले, कारण इतरत्र तसे घडल्याचे त्याच्या कानी आले होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला सव्वीस जणांना क्रुसावर चढवण्यात आले. त्यांत आपले गोन्सालो होते. १८६२ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले.

मी अनेकदा या घटनेवर विचार करतो. ज्या माणसाने दोन समाजांमध्ये शब्दांचा पूल बांधण्यात आयुष्य घालवले, तोच एका साम्राज्याच्या हेतूविषयीच्या संशयाला बळी पडला. बलाढ्य राष्ट्र परदेशात जेव्हा काही बांधायला जाते, तेव्हा त्याच्या गवंड्याकडेही शिपाई म्हणूनच पाहिले जाते. त्या गवंड्याचा हेतू कितीही निर्मळ असो.

याच काळात आणखी एक परका मनुष्य दुसऱ्या वाटेने चालला होता. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. त्यांच्या देशात कॅथलिकांचा छळ चालला होता, तेव्हा पाठीशी उभे राहील असे स्वतःचे राष्ट्र त्यांना नव्हतेच म्हणा ना. १५७९ साली ते गोव्यात आले, कोकणी-मराठी शिकले आणि १६१६ साली राशोल येथे त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. पोर्तुगीज राज्याच्या छत्राखालीच ते घडले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांनी आपले म्हणणे ओवीत मांडले, म्हणजे ऐकणाऱ्याच्या घरात जाऊन त्याच्याच पाटावर बसून मांडले. राज्याला हे पचले नाही. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. आज मागे वळून पाहावे. ते फर्मान अभिलेखागारात पडून आहे आणि स्टीफन्सच्या ग्रंथाची नवी आवृत्ती निघते तेव्हा महाविद्यालयांत त्यावर परिसंवाद होतात.

देशी माणसाच्या हाती कारभार सोपवण्याची वेळ आली की पोर्तुगीज सत्ता कशी वागे, हे मातेउस द कास्त्रो यांच्या चरित्रावरून कळते. गोव्यातील दिवाडीचा हा ब्राह्मण कुळातील तरुण. गोव्याच्या आर्चबिशपांनी त्याला गुरुदीक्षा नाकारली. तो रोमला गेला, तेथे शिकला, धर्मगुरू झाला, आणि १६३७ साली रोमने त्याला बिशप केले. परत आल्यावर गोव्याच्या अधिकाऱ्यांनी त्याला मान्यता द्यायचे नाकारले. जन्मभर त्याने वाद आणि प्रवास यांतच दिवस काढले. वसईला स्वतःचा धर्मप्रांत व स्वतःचा बिशप मिळायला १९९८ साल उजाडावे लागले. ज्यांच्यासाठी घर बांधतो असे आपण म्हणतो, त्यांच्या हाती घराची किल्ली द्यायची तयारी नसेल तर त्या बांधकामाला आपण नाव काय देणार?

फिरंगाण कोसळले ते तसे अल्पावधीतच. अंजूरचे गंगाजी नाईक, मालाडचे अंताजी रघुनाथ अशा येथल्याच त्रासलेल्या लोकांनी पुण्याच्या पेशव्यांकडे धाव घेतली. परक्या जाचातून सुटण्यासाठी पुन्हा बाहेरच्या बळाला बोलावणे आले, फक्त या वेळी ते बळ आपल्या भाषेचे होते. मार्च १७३७ मध्ये ठाणे पडले आणि साष्टी गेली. आपल्या भागातील धारावी बेटासाठी दोन्ही बाजूंनी निकराने झुंज झाली. मुंबईतल्या धारावीचा येथे संबंध नाही. भाईंदरच्या पश्चिमेला डोंगरी-चौकजवळच्या टेकडीवर ज्या किल्ल्याचे अवशेष आहेत, ती ही धारावी. वसईच्या खाडीचे तोंड तेथून राखता येई, म्हणून तिचे मोल. मार्च १७३९ मध्ये मराठ्यांनी ती जिंकली. मे महिन्यात चिमाजी आप्पांपुढे वसईने शरणागती पत्करली. दोन्हीकडील असंख्य माणसे त्या वेढ्यात मेली.

शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मुभा होती. गोरे उमराव, अधिकारी, संन्यासी जहाजांत बसून निघून गेले. चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून महाराष्ट्रभर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरात आणि भीमाशंकरला त्या आजही टांगलेल्या आहेत. त्या दिवशी वसईच्या बुरुजावर उभ्या असलेल्या कोणा शहाण्या माणसाला विचारले असते, तर त्याने सांगितले असते की राज्य गेले, आता यांचा धर्मही दहा-वीस वर्षांत जाईल. तसे झाले नाही. गोव्याहून आलेले देशी धर्मगुरू तुटपुंज्या साधनांवर चर्च चालवत राहिले. उत्तनचे कोळी आपल्या जमातीचा कारभार पाहत राहिले आणि होडी पाण्यात लोटताना क्रुसाची खूण करत राहिले. लग्नात उंबरपाणी होतच राहिले. ज्या गोष्टी लोकांनी आपल्या बोलीत, आपल्या चालीरीतींत घेतल्या होत्या त्या उरल्या, मग त्या मुळात कोठून का आलेल्या असेनात. राज्यकर्त्यांच्या भाषेचे काही शब्दही उरले. पाव, काजू, अननस हे गोड शब्द आपण नेहमी सांगतो. पण पगार, लिलाव आणि (अभ्यासक मानतात त्याप्रमाणे) तुरुंग हे शब्दही त्याच शिदोरीतले. राज्य कसे होते याची ही एक छोटी नोंदवहीच समजावी.

येथे एक आक्षेप रास्त आहे. पोर्तुगीजांना येथे राष्ट्र उभारायचे नव्हतेच, त्यांना साम्राज्य हवे होते. निघून जाण्याचा त्यांचा मानस कधीच नव्हता. आजची बलाढ्य राष्ट्रे निदान तोंडाने तरी म्हणतात की आम्ही उभे करून देऊ आणि परत जाऊ. त्यामुळे तोलून पाहण्यासाठी असा प्रयोग हवा ज्यात परक्या सत्तेने एक राज्य उभारून ते तेथल्याच माणसाच्या हाती सोपवले. महाराष्ट्रात तसाही एक प्रयोग झाला. त्याची वाट वसईच्याच दुसऱ्या तहावरून जाते.

ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुण्याहून पळाला आणि फिरत फिरत वसईला आला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांशी तह केला : किमान सहा हजारांची इंग्रजी पायदळ पलटण आपल्या मुलखात ठेवून घ्यायची, तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, आणि परराष्ट्रसंबंध इंग्रजांच्या विचाराने ठेवायचे. मे १८०३ मध्ये इंग्रजी संगिनींच्या पहाऱ्यात तो पुन्हा पुण्याच्या गादीवर बसला. बहादूरशहाला हुमायूनची भीती होती, बाजीरावाला होळकरांची. दोघांनीही आपले आसन राखण्यासाठी परक्याचा खांब घेतला आणि भार त्या खांबावर टाकला. १८१८ साली पेशवाई संपली आणि बाजीराव वर्षाला आठ लाखांची नेमणूक घेऊन कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला राहायला गेला.

लोकांच्या मनातील छत्रपतींविषयीचा आदर एल्फिन्स्टनसारख्या चाणाक्ष मुत्सद्द्याने हेरला होता. त्याने छत्रपती प्रतापसिंह यांना साताऱ्याच्या गादीवर बसवून त्यांच्यासाठी एक छोटे राज्य निर्माण केले. सप्टेंबर १८१९ मध्ये तह झाला. जेम्स ग्रँट डफ या तिशीतील कप्तानाने १८२२ पर्यंत साताऱ्याचा कारभार पाहिला : महसूल, न्याय, हिशेब यांची घडी बसवली, तरुण राजाला रोज कचेरीत बसायला शिकवले, आणि मग अधिकार त्याच्या स्वाधीन केले. पुढे याच माणसाने मराठ्यांचा इतिहास लिहिला. मला प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे की येथवर हा प्रयोग कौतुकास पात्र आहे. शिकवणारा मन लावून शिकवत होता आणि शिकणारा त्याहून मन लावून शिकत होता. प्रतापसिंहांनी रस्ते केले, शहराला पाणी आणले, पाठशाळा काढली, छापखाना आणवला. १८२९ साली महाबळेश्वरची जागा मुंबईच्या गव्हर्नरला देऊन त्यांनी बदल्यात खंडाळा गाव घेतले; तेथे माल्कमपेठ वसली.

विद्यार्थी तयार झाला, आणि घोटाळा तेथेच झाला. साताऱ्याच्या काही जहागिरींवर अंतिम हक्क कोणाचा, यावर वाद निघाला. प्रतापसिंहांनी तहाचा कागद पुढे केला. लंडनच्या संचालक मंडळाने त्यांच्या बाजूने कौल दिला, तरी मुंबई सरकारने तो त्यांच्यापर्यंत पोहोचू दिला नाही. ग्रँट डफने त्यांना जे शिकवले होते, की करार वाचावा, नोंद ठेवावी, हक्क मागावा, तेच ते करत होते. यथावकाश त्यांच्यावर कटाचे आरोप आले. कंपनीच्या पलटणीतील देशी अधिकाऱ्यांना फितवले हा एक आरोप. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधले हा दुसरा. स्वतःच्या घरच्या यादवीतून नुकताच बाहेर पडलेला पोर्तुगाल साताऱ्यासाठी सैन्य पाठवणार होता, असे मानायला कल्पनाशक्ती फार लागते. ऑगस्ट १८३९ मध्ये गव्हर्नर कार्नॅक जातीने साताऱ्याला आला. दोष मान्य केल्याच्या कागदावर सही करा, गादी राहील, असे त्याने सुचवले. प्रतापसिंहांनी सही केली नाही. सप्टेंबरमध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवण्यात आले. तेथेच १८४७ साली ते वारले. त्यांचे वकील रंगो बापूजी यांनी न्याय मागण्यासाठी जवळजवळ चौदा वर्षे लंडनमध्ये काढली. १८४८ साली प्रतापसिंहांचे बंधू शहाजी निवर्तले, तेव्हा दत्तक नामंजूर करून डलहौसीने ते राज्यच खालसा केले. ज्या सरकारने उभारले त्यानेच तीस वर्षांत मोडले.

अमेरिकेच्या विचारवंतांनी काबूलचा अभ्यास करताना सातारा वाचला असेल असे मला वाटत नाही. वाचला असता तर त्यांना एक कसोटी मिळाली असती. तुम्ही बसवलेला माणूस तुमच्याशी सहमत होतो तोवर काहीच सिद्ध होत नाही. तो कायद्याचा आधार घेऊन तुम्हाला "नाही" म्हणतो, तेव्हा तुम्ही काय करता यावरून कळते की तुम्ही राष्ट्र उभारत होता की चाकर नेमत होता.

जपान आणि जर्मनी यांचे काय, असा प्रश्न कोणीही विचारील. १९४५ नंतर अमेरिकेने तेथे जे केले ते टिकले, हे उघड आहे. पण जपानमध्ये १८९० पासून संसद होती, घरोघर साक्षरता होती, अनुभवी नोकरशाही होती, आणि अमेरिकनांनी कारभार जपानी सरकारमार्फतच चालवला. १९५२ साली देशाचे सार्वभौमत्व परत दिले गेले. पडलेले घर पुन्हा उभारायचे होते आणि त्याचे गवंडी, सुतार घरातच होते. परकीयांनी तेथे काहीच केले नाही असे नव्हे. स्त्रियांनी १९४६ साली तेथे प्रथम मतदान केले, त्यात परकीयांचा वाटा होताच. परंतु त्यांनी पाया घातला नाही.

हा प्रश्न केवळ गोऱ्या राष्ट्रांनाच विचारावा असेही नाही. आपला भारतही शेजाऱ्यांच्या दृष्टीने बलाढ्य आहे. १९७१ साली आपले सैन्य बांगलादेशात गेले आणि मार्च १९७२ मध्ये परत आले. राज्य कसे चालवावे हे आपण त्यांना शिकवत बसलो नाही. पुढे त्या देशाने पुष्कळ हालअपेष्टा भोगल्या, आपल्याशी भांडलाही. तरी तो त्याचा स्वतःचा देश राहिला. १९८७ मध्ये आपण श्रीलंकेत शांतिसेना पाठवली. तिने तेथे निवडणूक घडवून आणली, प्रांतिक सरकार बसवले, आणि १९९० साली ती परतताच ते सरकार कोसळले. सुमारे १,२०० भारतीय जवान त्या बेटावर कामी आले. मी त्या वेळी सेमिनरीच्या उंबरठ्यावरचा मुलगा होतो. मिस्सात त्यांच्यासाठी प्रार्थना झाल्याचे मला आठवते आणि आपण तेथे का गेलो होतो याचे उत्तर वडीलधाऱ्यांपैकी कोणालाच नीट देता आले नव्हते, हेही आठवते. अफगाणिस्तानात मात्र आपण सैन्य न पाठवता झरंज ते देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता केला, हेरातजवळ सलमा धरण बांधून २०१६ साली ते सुरू केले, काबूलला संसद भवन उभारून दिले. संसद भवन आता संसदेवाचून उभे आहे. रस्त्यावरून गाड्या जातात आणि धरणाचे पाणी शेतांत जाते; गादीवर कोण आहे, हे पाणी विचारत नाही.

हा लेख येथवर लिहून झाल्यावर मी तो आमच्या त्या गृहस्थांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. साताऱ्याच्या हकीकतीला त्यांनी मान डोलावली, पण शेवटी म्हणाले, "फादर, तुम्ही राज्य मोजलेत. आमच्या भटारखान्यात एक अफगाण मुलगा होता, भांडी घासायला. त्याची बहीण शिकली आणि शाळेत शिकवायला लागली. ते अमेरिकेचे सैन्य नसते तर झाले असते का?" मी म्हटले, बहुधा नसते. ते म्हणाले, "मग तेही लिहा."

तेव्हा तेही लिहितो. २०२१ नंतर तालिबानने मुलींना माध्यमिक शाळा बंद केल्या आणि डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठेही. ती शिक्षिका आता घरी असते. शेजारच्या तीन-चार मुलींना ती दुपारी गुपचूप लिहायला-वाचायला शिकवते, असे तिचा भाऊ सांगतो. त्याचा आमच्या गृहस्थांना अजून अधूनमधून फोन येतो. बोलणे हिंदीत होते. ती हिंदी तो भटारखान्यातच, त्यांच्या हाताखाली कांदे चिरता चिरता शिकला. तळावर वीस वर्षे इंग्रजीचे राज्य होते. त्याला इंग्रजी येत नाही.